कच्च्या चौकटीतला हात

“ताई, माणसाला बोटं किती असत्यात?” साखर कारखान्याचे सुरक्षा अधिकारी शिवप्रसाद यांनी कारखान्याच्या सुरक्षा-फिल्मसाठी काढलेला कागद चित्रकार भूमिकापुढे सरकवला.

“कार्टूनमध्ये बहुतेक चारच काढतात, सर. काम वाचतं. आणि हा नुसता स्टोरीबोर्ड. कोण कुठं बघतोय, हात कुठं चाललाय, एवढंच दाखवायचं.”

“शर्टाची बटणं गाळलासा, चाललं. पण बोट? आमच्याच फिल्ममध्ये? तुम्ही केरबांची लेक न्हवं?”

भूमिकाने कागद परत आपल्याकडे ओढला. याच कारखान्यात साखरेची पोती वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यात तिच्या वडिलांची करंगळी गेली होती. हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी पट्ट्याला नव्हती. तरी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ म्हणून कारखाना मोकळा झाला होता. चोराच्या मनात चांदणं, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले.

“पाच बोटं काढा. आणि पट्ट्याला जाळी दाखवा. नीट, बारकाव्यानं,” असं बजावून साहेब गेले.

इतका वेळ हसणारा स्टुडिओचा मालक धैर्यशील जिन्यावरची पावलं विरताच गंभीर झाला. “खरं सांग, मुद्दाम गाळलंस?”

“दादा, तुम्हीच शिकवलंय, कच्च्या चौकटीत बारकावे नकोत म्हणून.”

“मग दूध संघाच्या फिल्मला पाच कशी काढलीस?”

लहानपणापासून जो हात तिच्या डोक्यावरून फिरला तो चारच बोटांचा. आता तिलाच स्वतःचा संशय यायला लागला, आणि त्याचा रागही आला.

“हे काम गेलं तर दोघांनाबी घरी बसावं लागंल,” धैर्यशील म्हणाला. “उद्या दे करून.”

संध्याकाळी घरी ती चौकटी सुधारत बसली. गोष्ट कारखान्यानेच दिलेली होती: गप्पांच्या नादात कामगार पट्ट्यात हात घालतो. तिने बोटं वाढवली, जाळी विणली. तिचे वडील, आबा, शेजारी येऊन टेकले.

“कुणाचा हात ह्यो?” त्यांनी संशयानेच विचारलं.

“कुणाचाच न्हाई, आबा.”

त्यांनी कागद दिव्याखाली धरला. “बोटं पाच हायत. बरं हाय.” मग त्यांची नजर पट्ट्यावर गेली. “जाळीबी हाय की गं.”

“साहेबांनी सांगितलीय.”

“मग ह्येचा हात आत गेला कसा?”

विचारताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. भूमिकाने त्यांच्या हातातून कागद घेतला, खोडरबर शोधला आणि बोटांना धक्का न लावता जाळी पुसायला लागली.