अंबरीशच्या नखांच्या खुणा

मित्रांनो, एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने पार खरखरीत झालेला, थोडा चपटा असा जो चेंडू तुम्हाला दिसतो आहे, तो मी. एके काळी मी लालभडक होतो. आता माझा रंग भिजलेल्या विटेसारखा झाला आहे. आयर्लंडमधल्या मलिंगार गावात वैदेही नावाच्या बाईंच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये माझा मुक्काम असतो. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता आपल्याला इस्त्री करणार!

माझा जन्म मेरठचा. पोटात बुचाचा गोळा, त्यावर घट्ट गुंडाळलेला लोकरीचा दोरा आणि वरून चामड्याचे चार तुकडे. ज्याने मला शिवलं त्याचा चेहरा मला आठवत नाही, हात आठवतात. चेंडूला माणसं हातांवरूनच कळतात. तोंडाने माणूस काहीही बोलू शकतो, पण हात घाबरला की मला लगेच समजतं. पुण्यातल्या एका दुकानातून डॉक्टर अंबरीशने मला उचललं आणि चिवड्याच्या आणि गोडा मसाल्याच्या पुड्यांच्या मध्ये कोंबून इथवर आणलं. कित्येक महिने मला मसाल्याचा वास येत होता.

अंबरीश इस्पितळात भूल द्यायचं काम करायचा आणि शनिवारी क्लबच्या संघातून गोलंदाजी करायचा. त्याचा एक खास चेंडू होता. तर्जनी आणि मधलं बोट दुमडून दोन्ही नखं माझ्या अंगात रोवायची, अंगठ्याने आणि अनामिकेने बाजू सावरायच्या आणि नेहमीच्याच वेगाने हात फिरवायचा. हात जोरात यायचा, मी मात्र हळू यायचो. अजिबात न फिरता तरंगत जायचो आणि ऐन वेळी खाली बसायचो. मूळची ही युक्ती बेसबॉलवाल्यांची. अंबरीशने ती एका अमेरिकन सहकाऱ्याकडून शिकून घेतली आणि मागच्या अंगणात वर्षभर घोटली. समोर ग्लोव्हज घालून उभी असायची ती वैदेही, त्याची बायको. मी किती चांगला पडलो ते अंबरीशच्या आधी तिला कळायचं. त्या वर्षी माझं फार कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग तो शनिवार आला. त्याबद्दल सांगायला मला आजही नको वाटतं.

चहापानानंतरचं दुसरंच षटक होतं. अंबरीशने चार बळी घेतले होते. मला पँटवर घासता घासता तो थांबला आणि मिड-ऑफला उभ्या असलेल्या प्रतापकडे गेला. प्रताप त्याचा जिवलग मित्र. तो फिजिशियन, छातीत दुखतंय म्हणून आलेली माणसं रोज तपासणारा.

"प्रताप, छातीत कसंतरीच होतंय रे. डावा हात पण जड झालाय," अंबरीश म्हणाला.

"अ‍ॅसिडिटी असेल! पाच सामोसे चेपलेस ना आत्ता?" प्रताप हसला. "दोनच बॉल राहिलेत. संपव ओव्हर, मग बघू."

अंबरीशचा तळवा गार पडला होता, मित्रांनो. त्या घामाने माझं कातडं ओलं झालं होतं. मला कळत होतं, पण चेंडूला तोंड कुठे असतं? त्याने एक चेंडू टाकला. दुसरा टाकायला वळला आणि गुडघ्यांवर बसला. संघात त्या दिवशी अंबरीश सोडून सहा डॉक्टर होते. प्रताप सोडून बाकीच्यांनी त्याला छाती चोळताना आणि प्रतापशी बोलताना पाहिलं होतं, म्हणजे प्रतापने बघितलंच असेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं. मग मात्र सहाही जण धावले. अ‍ॅम्ब्युलन्स आली. मी गवतात पडून होतो.

पाच बळी घेणाऱ्याला चेंडू भेट द्यायची इथे पद्धत आहे. चारच झाले होते, तरी कर्णधार डोनाल मला घेऊन वैदेहीच्या दारात आला आणि तिच्या हातात ठेवून गेला. तिने मला प्रेसमध्ये ठेवलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी अंधारात काढली. अंबरीशच्या नखांचे दोन खड्डे माझ्या अंगावर होते, आणि हवा दमट झाली की ते दुखायचे, जणू तो अजून मला धरून आहे आणि सोडत नाही. दाराच्या फटीतून वैदेहीचा आवाज यायचा. चहा करताना ती अंबरीशच्या फोटोशी भांडायची. "एका शब्दाने सांगितलं नाहीस. मला नाही, कोणालाच नाही. एवढा कसला अभिमान होता तुला?" रोज तेच. मी आतल्या आत तडफडायचो, कारण त्याने सांगितलं होतं. ते ऐकणारे आम्ही दोघेच होतो, एक मी आणि एक प्रताप.

यंदाच्या एप्रिलमध्ये प्रताप घरी आला. त्याच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती, पंचेचाळिशी उलटली होती आणि गोलंदाजीतला वेग गेला होता. पण तो गोलंदाजीचं बोलायला आला नव्हता, हे मला नंतर त्याच्या हातांवरून कळलं. तो खरं सांगायला आला होता. वैदेहीने चहा पुढे ठेवला आणि त्याने भलताच विषय काढला.

"वैदेही, मला... मला अंबरीशचा तो स्लो बॉल शिकव ना," तो म्हणून बसला. "डोनाल म्हणतो, काही नवीन असेल तर टीममध्ये ठेवतो. तो बॉल फक्त तुलाच माहितीये."

वैदेहीने उठून प्रेस उघडली.

दर गुरुवारी संध्याकाळी आमचा वर्ग भरू लागला. अंगणाच्या एका टोकाला प्रताप, दुसऱ्या टोकाला वैदेही, मध्ये ओलं गवत. प्रतापची नखं बरोबर अंबरीशच्या खड्ड्यांत बसली. मी शहारलो. एकाच जागी जिवंत बोटं आणि गेलेल्या माणसाची बोटं, हे सोसवत नाही हो.

"सीम फिरतेय. परत टाक," वैदेही माझ्या शिवणीकडे बघत म्हणायची. किंवा, "आवळतोयस तू. अरे, पकडू नकोस, नुसता धर."

पण आवळलेला हात सैल होईना. मी कधी कुंपणावर आदळायचो, कधी शेजारच्या झुडपांच्या हेजमध्ये घुसायचो. मे महिना संपला तरी एकही चेंडू नीट पडला नाही. आणि दर आठवड्याला वैदेही त्याला जेवायला वाढायची, डब्यात आमटी द्यायची. ती जितकी चांगली वागायची तितका त्याचा हात लाकडासारखा व्हायचा.

जूनच्या पहिल्या गुरुवारी वैदेहीने ग्लोव्हज काढले आणि मला हातात घेऊन त्या दोन खड्ड्यांवरून अंगठा फिरवला.

"मला त्याचा राग येतो, प्रताप. अजून येतो. सहा डॉक्टर होतात तुम्ही. कोणाला तरी सांगायचं ना, मला दुखतंय म्हणून!"

प्रताप तसाच उभा होता. बारीक पाऊस पडत होता आणि त्याने चष्माही पुसला नाही.

"त्याने सांगितलं होतं," तो म्हणाला. "मला."

वैदेहीची पकड माझ्याभोवती घट्ट झाली. "काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग."

प्रतापने सगळे शब्द सांगितले.

"आणि तू?"

त्याने आपलेही सांगितले. सामोसे, दोन बॉल, सगळं. एक शब्द गाळला नाही.

"जा तू," वैदेही म्हणाली. "आत्ता जा."

तो गेला. वैदेही मला मुठीत धरूनच आत आली आणि फोटोसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला भिंतीवर फेकणार. पण तिने मला छातीशी धरलं. "सांगितलं होतंस तू," ती म्हणाली. "आणि मी दोन वर्षं तुलाच बोलत राहिले रे." मग ती खाली बसून रडली. माझ्या शिवणीत तिची आसवं मुरली. त्या घरात त्यानंतर पुन्हा कधी भांडण ऐकू आलं नाही.

तीन गुरुवार प्रताप फाटकापाशी येऊन उभा राहिला आणि दार न उघडल्यामुळे परत गेला. चौथ्या गुरुवारी वैदेही ग्लोव्हज घालून बाहेर आली.

"तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करीन की नाही, माहीत नाही. पण त्याचा बॉल कोणाला तरी यायला हवा. टाक."

प्रतापने मला धरलं. हात गार होता, डोळे भरलेले होते, पण पहिल्यांदाच बोटं सैल होती. मी निघालो. शिवण जागची हलली नाही. तरंगत गेलो आणि तिच्या पुढ्यात अलगद बसलो. वैदेहीने मला उचललं आणि किती तरी वेळ परत फेकलं नाही.

आता प्रताप संघात आहे. पण गुरुवारी तो येतो आणि त्याची नखं त्या खड्ड्यांत बसतात, तेव्हा अंबरीश अजूनही माझ्या अंगात दुखतो. ते दुखणं जाणार नाही आणि जाऊही नये.

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मला तेल लावलं नाहीत तरी चालेल, विसरलात तरी चालेल. पण खेळताना कोणी तुमच्याजवळ येऊन दुखतंय म्हणालं, तर आजूबाजूला कितीही जाणती माणसं असोत, तुम्ही खेळ थांबवा. मी चेंडू आहे, एकदा टाकला की मला मध्येच थांबता येत नाही. तुम्हाला येतं.