पास्टरसाहेबांचं ग्रीक क्रियापद

नवऱ्यानं हात मोडला म्हणून सिंधु कंधारला माहेरी आली, तर तिला परत नांदेडला धाडायला लातूरहून ग्रीक भाषा आली. पास्टर शांतवनसाहेब ती लातूरच्या एका क्लासात मोबाईलवर शिकले होते. लातुरात डॉक्टरकीचे क्लास चालतात तसाच हा एक. फरक इतकाच की यात नापास कोणी होत नाही.

बैठक माहेरच्याच घरी बसली. सोफ्यावर पास्टर, शेजारी नवरा नरसिंग, मान खाली घालून, जणू मार त्यानंच खाल्ला. चर्चच्या मंडळीतले कारभारी खुर्च्यांवर. प्लास्टरातला हात सांभाळत सिंधु खाली सतरंजीवर.

बायकोनं नवऱ्याच्या अधीन राहावं, असं शास्त्रात आहे, हे पास्टरांनी सांगितलं. पण तेवढ्यावर थांबतील तर क्लासचा उपयोग काय? बायबलाच्या मूळ ग्रीकमध्ये क्रियापद हुपोतासो, म्हणाले. हुपो म्हणजे खाली, तासो म्हणजे रांगेत लावणं, फौजेत हा शब्द चालायचा. आणि इथं त्याचं रूप असं, की खाली कोणी बसवत नाही, माणूस आपणहून बसतो. कारभाऱ्यांनी माना डोलावल्या. हेच नुसत्या मराठीत सांगितलं असतं तर एखाद्यानं तरी विचारलं असतं, मग हात कुणी मोडला?

सिंधु म्हणाली, "साहेब, त्याच्याच वरच्या ओळीत सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन व्हावं म्हणलंय. तिथं ग्रीकमधी काय हाय?"

पास्टरांनी चष्मा पुसला. "ती ओळ आम्ही ऑप्शनला टाकली होती, ताई."

मग प्रार्थना झाली आणि ठरलं. सिंधुनं नांदेडला जावं, नरसिंगनं राग आवरायचा प्रयत्न करावा. जायचं आजच, प्रयत्न जमेल तसा.

या मंडळीत निकाल कुणी लिहीत नाही. बाईनं आपल्या हातानं सगळ्यांना चहा दिला की तिला मान्य झालं. बाई बोलतच नाही, म्हणून कारभाऱ्यांना ही रीत लई आवडते. सिंधुच्या आईनं, भामाबाईनं, भरलेला ट्रे तिच्यापुढं ठेवला आणि हळूच म्हणाली, "दे बाई एकेकाला."

सिंधुनं चांगल्या हातानं कप उचलला. पास्टरांचा हात पुढं आला. तिनं कप स्वतःच्या तोंडाला लावला.

"बाकीचा आत ने, आई. मी जाणार न्हाई."

भामाबाई उभीच राहिली. सोफ्याकडं बघितलं, मग प्लास्टरकडं. नरसिंग सासूवर खेकसला, "चहा तर द्या, निवून चालला."

म्हातारीनं ट्रे उचलला आणि कप परत पातेल्यात ओतायला आत गेली.