न जुळणारी तीन कार्डं

केडगावच्या पुढे पुण्याच्या रस्त्याला असलेल्या शेती संशोधन केंद्रात खुर्शीद शेख कार्डांना भोकं पाडायचं काम करी. मॅट्रिकनंतर तिने टायपिंगची परीक्षा दिली होती. एकाहत्तर साली केंद्राने पंचिंगचं मशीन भाड्याने आणलं तेव्हा केंद्रप्रमुखांनी तिला त्यावर बसवलं. कॉम्प्युटर पुण्याला होता. इथे आकडे आणि प्रोग्राम कार्डांवर उतरवायचे, पत्र्याच्या पेटीत भरायचे आणि मंगळवारच्या एसटीने पुण्याला धाडायचे. आठवड्याभराने लांबलचक कागदावर उत्तर येई. कोणत्या वाणाचं सरासरी उत्पन्न किती, पहिला कोण, शेवटचा कोण.

प्रोग्राम लिहायचे मच्छिंद्र औटी. ते सांख्यिकी सहायक होते आणि पुण्यात सहा आठवड्यांचा वर्ग करून आले होते. केंद्रात ती विद्या त्यांच्याखेरीज कुणाकडे नव्हती. बाजरीचा प्रोग्राम त्यांनी सर्वांत आधी लिहिला. मग तोच समोर ठेवून ज्वारीचा, हरभऱ्याचा आणि मटकीचा लिहिला. प्रत्येक पिकाचा गठ्ठा वेगळा, रबर लावून कपाटात ठेवलेला.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावच्या प्लॉटवर बाजरीचे चोवीस वाण लावले होते, प्रत्येक वाण चार तुकड्यांत. डिसेंबरात निकाल आला. शेवटचे पाच वाण पुढच्या खरिपात पेरायचे नाहीत, असं ठरलं. चार दिवसांनी शेवगावच्या प्लॉटचा मुकादम गोरक्ष बियाण्याच्या पिशव्या घेऊन केंद्रावर आला. औटींनी यादी त्याला वाचून दाखवली.

"सायेब," तो म्हणाला, "सतरा नंबर शेवटाला कसा गेला? समदं वाळत हुतं तवा त्योच तर उभा हुता."

"डोळ्याला दिसतं ते वेगळं आणि मोजल्यावर निघतं ते वेगळं," औटी म्हणाले.

"व्हय, पर मोजलं बी मीच की. त्याचा एक तुकडा जनावरांनी खाल्ला. बाकी तीन लई बेस हुते."

"खाल्लेल्या तुकड्याची जागा रिकामी सोडली आहे. तुमच्याच नोंदीप्रमाणे. आता मशीन सांगतं ते सांगतं, गोरक्ष."

गोरक्षने पिशव्या कोपऱ्यात लावल्या आणि तो चहा न घेता गेला. खुर्शीद मशीनवर बसून हे सगळं ऐकत होती. तिला त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही.

जानेवारीत पुण्याहून पेटी परत आली तेव्हा बाजरीच्या प्रोग्रामची कार्डं कडांना चुरगळली होती, दोन तर फाटली होती. सगळा गठ्ठा नव्याने पंच करायला हवा होता. औटींचा हाताने लिहिलेला मूळ कागद सापडेना. खुर्शीदने कपाटातून ज्वारीचा गठ्ठा काढला. गेलं दीड वर्ष ती हे प्रोग्राम पंच करत होती, आणि सरासरी काढायच्या मधल्या भागात बोटं आपोआप चालतात, पुढे काय येणार हे त्यांना आधीच माहीत असतं, हे तिच्या लक्षात आलं होतं.

तिने बाजरीचं एक कार्ड आणि ज्वारीचं एक कार्ड एकावर एक ठेवून खिडकीकडे धरलं. सगळ्या भोकांतून उजेड आला. दुसरी जोडी धरली, तिसरी धरली. मधल्या एकसष्ट कार्डांपैकी अठ्ठावन्न तंतोतंत जुळली. तीन जुळली नाहीत.

ती तीन जोड्या घेऊन औटींच्या टेबलापाशी गेली.

"औटी साहेब, यातलं बरोबर कोणतं? मी कोणतं उतरवू?"

औटींनी कार्डाच्या वरच्या कडेला छापलेली अक्षरं वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"ज्वारीचं बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "गेल्या एप्रिलमध्ये मी दुरुस्त केलं. ज्वारीचे काही तुकडे गेले होते, म्हणून जितके तुकडे हाती आले तितक्यांनीच भागायचं, असं केलं."

"आणि बाजरीत?"

"बाजरीत अजून चारनेच भागतो आहे. रिकामी जागा मशीन शून्य धरतं." ते थांबले. "सतरा नंबरची बेरीज तीन तुकड्यांची, आणि भागलं चारने."

खुर्शीदने तिन्ही जोड्या उचलून घेतल्या. मग खुर्शीद म्हणाली, "साहेब, एक विचारू? हा मधला भाग सगळ्या पिकांना एकच आहे. तो चार ठिकाणी कशाला ठेवायचा? एकदाच वेगळा बांधून ठेवला, तर ज्याला लागेल तो आपल्या कार्डांमागे जोडील."

औटींचा चेहरा उतरला. "पुण्यात शिकवलं होतं हे. सबरुटीन म्हणतात. शेवटच्या दोन दिवसांत शिकवलं, आणि मला वाटलं, आपलं काम तर चाललंय. उतरवून काढणं सोपं वाटलं."

त्याच दुपारी ते केंद्रप्रमुखांकडे गेले. यादी चुकीची आहे आणि चूक माझी आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. आत काय बोलणं झालं ते खुर्शीदला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, पण पावलं हलकी पडत होती.

पुढचे बारा दिवस दोघांनी मधला भाग सोडवून वेगळा केला. वाण किती, तुकडे किती, हे आत कुठेही लिहायचं नाही, बाहेरच्या प्रोग्रामने सांगायचं, एवढं औटींनी ठरवलं. त्या भागाचं नाव सहा इंग्रजी अक्षरांत बसवावं लागे, म्हणून 'सरासरी'तली शेवटची 'री' गेली. खुर्शीदने गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर लाल पेन्सिलने तिरपी रेघ ओढली, म्हणजे एखादं कार्ड मागेपुढे झालं तर रेघ तुटलेली दिसेल. वरच्या कागदावर तिने लिहिलं: आत काय द्यायचं, बाहेर काय मिळतं. आणि खाली: आतलं कार्ड कुणी परस्पर बदलू नये, चूक दिसल्यास सांगावी.

नवा निकाल फेब्रुवारीत आला. सतरा नंबर पहिला आला नाही, सहावा आला. तो पेरायच्या यादीत राहिला. औटी स्वतः शेवगावला गेले आणि गोरक्षला यादी दाखवली.

"तुमचं खरं होतं," ते म्हणाले.

"सहावा व्हय?" गोरक्ष म्हणाला. "मला वाटलं हुतं तिसरा तरी यील." पण त्याने बियाण्याची पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

खुर्शीदला मात्र त्या गठ्ठ्याची भीती वाटू लागली. पूर्वी चूक झाली तर एका पिकाची होई. आता चार पिकं तिच्या लाल रेघेखालून जात होती. एक भोक चुकलं तर चारही चुकतील. ती आठवड्यातून एकदा कार्डं काढून औटींच्या हाताने लिहिलेल्या कागदाशी ताडून बघे. औटींना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "एकाच जागी ठेवलं म्हणजे त्या जागेवर लक्ष ठेवणं आलं."

ऑगस्टमध्ये कडधान्य विभागाच्या मालनबाई पवार आल्या. त्यांनी तो गठ्ठा हुलग्यासाठी वापरला होता. एका वाणाचा एकही तुकडा उरला नव्हता, म्हणजे भागायला शून्यच होतं, आणि तिथे उत्तराच्या जागी काहीतरी भलतंच छापून आलं होतं.

"मी आत हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा कागद वाचला, म्हणून सांगायला आले."

औटींनी कागदावर दोन ओळी खरडल्या. एकाऐवजी दोन कार्डं लागणार होती. खुर्शीदने ती पंच केली, उजेडाकडे धरून तपासली, जुनं कार्ड काढून नवी दोन त्याच्या जागी सरकवली. मग नवी पेन्सिल घेऊन गठ्ठ्यावर पहिल्या रेघेशेजारी दुसरी तिरपी रेघ ओढली.

"आता बाजरीचंही दुरुस्त करायचं का?" मालनबाईंनी विचारलं.

"झालं की ते. सगळ्यांचा गठ्ठा हाच," खुर्शीद म्हणाली, आणि त्याच्यासोबत मंगळवारच्या पेटीत भरायला तिने हुलग्याची कार्डं त्यांच्या हातून घेतली.