रबरासुराचा डावा पाय

मी पेन्सिल वापरत नाही. चित्रकथा काढणारे आधी पेन्सिलने काढतात, त्यावर शाई फिरवतात आणि मग खोडरबराने खालचं सगळं पुसतात. मी कोऱ्या कागदावर थेट शाईचा टाक टेकवते. चुकलं तर चुकलं. माझ्या माणसांची नाकं कधी दुहेरी होतात, माड नको तिकडे कलतात, चौकटीच्या रेघासुद्धा पट्टी न लावता ओढलेल्या. पुण्याच्या 'पडाव' मासिकाच्या संपादकांनी एकदा छापलं होतं, की मालिनी शिवलकर यांच्या रेषेतली धिटाई कोकणच्या मातीतून आली आहे. मातीचा काही संबंध नाही. ती हरिहर लिमये नावाच्या माणसावरच्या रागातून आली आहे.

लिमये सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माझे बाबा, सखाराम, त्याच शाळेत शिपाई होते. चौऱ्याऐंशी साली मी नववीत होते आणि सरकारी चित्रकला परीक्षेला बसणार होते. सरावाला स्मरणचित्र होतं, म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचं. मी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाळं शिवत बसलेला म्हातारा काढला. सरांनी कागद उचलला, खिडकीच्या काचेवर धरला आणि वर्गाला म्हणाले, "बघा, हे असं काचेवर ठेवून ट्रेस करतात. शिपायाच्या पोरीला एवढा हात कुठून येणार?" कागदाचे चार तुकडे झाले. परीक्षेच्या यादीतून माझं नाव गेलं. मग त्यांनी बाबांना बोलावून घेतलं, आणि बाबांनी वर्गाच्या दारात, सगळ्या पोरांसमोर, हात जोडून माझ्या वतीने माफी मागितली.

तेवढं मी कदाचित गिळलंही असतं. पण घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "मालू, खरा सांग गो. काचंवर धरून काढलंस काय?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "बरा." त्या एका शब्दात विश्वास होता की नुसतीच दमणूक, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते शहाण्णव साली गेले. तोवर लिमये सरांच्या नोटिसा वर्गावर्गात फिरवत होते, त्यांच्या टेबलावर पाणी ठेवत होते.

मुंबईला कला महाविद्यालयात जायची भाषा मी पुन्हा काढली नाही. गाडीतळाजवळ मुसाभाईंच्या छापखान्यात लागले, आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं काढायला. पेन्सिल मात्र सरांनी कागद फाडला त्याच दिवशी सुटली. जिच्या रेघेखाली पेन्सिलच नाही, तिने कशावरून तरी उतरवलं असं कोण म्हणणार?

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला 'पडाव'मध्ये माझी चित्रकथा सुरू झाली. चिमा नावाची मुलगी कोळशाने भिंतींवर चित्रं काढते, आणि रबरासुर नावाचा राक्षस मागोमाग येऊन ती पुसत सुटतो. चिमाला मी माझा चेहरा दिला नाही, तेवढी अक्कल होती. रबरासुराला मात्र लिमये सरांचं सगळं दिलं. लांब कानाच्या पाळ्या, कपाळावर चढवलेला चष्मा, उजव्या काखेत छत्री, बोलण्याआधी ओठांचा चंबू. पहिलाच अंक बघून मुसाभाई म्हणाले, "मालूबाय, यो तर लिमये मास्तर हाय!" मी म्हटलं, असेल. ते दुपारभर हसत होते.

थेट शाईने काढायचं तर माणूस पाठ असावा लागतो. पुढून, बाजूने, पाठमोरा, शिंकताना, छत्री उघडताना. म्हणून मी दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मांडवीच्या किनाऱ्यावर जायचे. सर कमानीपासून जेट्टीच्या टोकापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारायचे. मी कठड्यावर वही घेऊन बसायचे. दर शनिवारी एक पान, खाली तारीख. त्यांच्या बायकोनेही, ती होती तोवर, त्यांच्याकडे इतकं निरखून पाहिलं नसेल. मला त्यांनी एकदाही ओळखलं नाही. त्याचाही मला रागच आला.

पोरांची पत्रं यायला लागली. रबरासुराला विहिरीत टाका, रबरासुराला मधमाश्या चावू देत. मी एकेकाची मागणी पुरवत होते. चिखलात लोळवलं, गाढवावर बसवलं, भर बाजारात धोतर फेडलं. प्रत्येक अंक हातात आला की मी सरांचा चेहरा बघत बसायचे आणि मनात म्हणायचे, जोड हात. तेवढं त्याला कधी जोडायला लावलं नाही. ते मला खऱ्या माणसाकडून हवं होतं. मी ते चित्र कशावरून उतरवलेलं नव्हतं हे त्याने कबूल करावं, एवढंच.

दोन हजार एकच्या डिसेंबरात एका शनिवारी माझा हात कागदावर अडला. सरांचं चालणं पाठ असूनही ते कागदावर बरोबर उतरेना. घरी जाऊन जुन्या वह्या काढल्या आणि पानं शेजारी शेजारी मांडली. नव्व्याण्णवला डावा हात पुढे-मागे झुलतोय, डावी टाच उचलली जातेय. आता तोच हात ओल्या टॉवेलसारखा लोंबतोय, आणि डावी चप्पल जमिनीला घासतेय. उजवी बाजू जशीच्या तशी. रोज भेटणाऱ्यांना दिसलं नसतं. माझ्याकडे तीन वर्षांचे शनिवार होते. मी डॉक्टर नाही, पण म्हातारपण दोन्ही बाजूंनी येतं एवढं मला कळतं. या माणसाला काहीतरी झालं होतं आणि त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या अंकापासून रबरासुर डावा पाय घासत चालायला लागला. येण्याआधी चौकटीबाहेरून आवाज यायचा, खर्रर्र, टप. खर्रर्र, टप. पोरं खूश झाली. जालन्याहून एकाने लिहिलं, आमच्या वर्गात सगळे असेच चालतात. मी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात लागोपाठ तीन शनिवार सर मांडवीला आले नाहीत. चौथ्या आठवड्यात छापखान्याच्या पायऱ्यांवर आवाज आला. खर्रर्र, टप. मान वर करायच्या आधीच मला कळलं. सोबत त्यांची मुलगी वैदेही होती. डोंबिवलीला असते असं ऐकून होते, समोर कधी आली नव्हती.

"चित्रकथा काढता त्या तुम्हीच ना?" तिने माझे दोन्ही हात धरले. "आमची अवनी आठ वर्षांची आहे. सुट्टीत बाबांकडे आलो होतो. ती अंगणात रबरासुर होऊन बाबांच्या मागून चालत होती. मी ओरडणार, तेवढ्यात बघितलं तर दोघांची चाल एकच. कोल्हापूरला नेलं. कंपवात निघाला. वेळेत आलात म्हणाले डॉक्टर, औषधं सुरू झाली. तुमच्यामुळे कळलं हो."

मी हात सोडवून घेतले. इतकी वर्षं झिजून मी त्या माणसाचं भलं केलं होतं. छापखान्यात आणून ठेवलेल्या शनिवारच्या वह्या मी संतापाने खणातून काढल्या आणि टेबलावर आपटल्या.

वैदेही पानं उलटत गेली. आधी हसली, मग तारखा वाचायला लागली. "डिसेंबर दोन हजार एक," ती म्हणाली. "म्हणजे दीड वर्ष तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"नाही." मी सरांकडे वळले. "मी सखाराम शिपायाची मुलगी. चौऱ्याऐंशी साल. जाळं शिवणारा म्हातारा. आठवतंय?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ओठांचा चंबू झाला.

"आठवतंय गो," ते म्हणाले. "तू कशावरून उतरवलंस ते मी शोधत होतो. कॅलेंडरं पाहिली, लायब्ररीतले जुने अंक चाळले. म्हटलं, मूळ चित्र सापडलं की सखारामाला दाखवू. आठवडाभर शोधलं. नव्हतंच ते कुठे."

"म्हणजे आठवड्यात कळलं होतं तुम्हाला."

"कळलं होतं. मग सांगायचं राहिलं."

राहिलं! बारा वर्षं बाबा रोज त्यांच्यासमोर उभे होते, आणि राहिलं. मी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला, टाक शाईत बुडवून हातात दिला. "लिहा. माझ्या बाबांसाठी."

त्यांनी विचारलं नाही काय लिहू. हात कागदावर टेकून ते लिहायला लागले. 'सखाराम शिवलकर यांच्या मुलीने ते चित्र स्वतः काढलं होतं. मला माहीत होतं.' सखाराम चांगलं ठसठशीत आलं. पुढे अक्षर लहान होत गेलं, आणि 'मला माहीत होतं' तर इतकं बारीक झालं की दोरा पडल्यासारखं दिसत होतं.

"वाचता येत नाही," मी म्हटलं. "परत लिहा."

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर घाम आला.

"पुरे झालं," वैदेही म्हणाली. "हा आजारच आहे त्यांचा. अक्षर बारीक होतं."

"थांब," सर तिला म्हणाले. "तिला वाचता आलं पाहिजे." आणि त्यांनी चौथ्यांदा लिहायला घेतलं. तेही बारीकच आलं. टाक खाली ठेवताना त्यांचे दोन्ही हात एकमेकांजवळ आले. जोडायचे होते की थरथर थांबवायची होती, मी विचारलं नाही. जाताना वैदेहीने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचं काही चुकलं नाही.

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानावर चिमा रबरासुराला पकडते आणि भिंतीवर त्याच्याकडून ते वाक्य लिहून घेते. कथेचा मजकूर आधी कळवला होता, तो वाचून संपादकांचा फोन आला, सखाराम शिवलकर कोण? मी म्हटलं, चिमाचे बाबा.

पण ते वाक्य मला काढता येईना. तीनदा टाकाने लिहिलं, तिन्ही वेळा माझाच हात थरथरण्याचं नाटक करताना दिसला. बाबांनी त्या माणसाच्या नोटिसा वर्षानुवर्षं वर्गावर्गातून फिरवल्या होत्या. ते अक्षर त्यांना लांबूनही ओळखू यायचं. अंक त्यांच्या फोटोपुढे ठेवायचा, तर अक्षर त्याचंच हवं होतं, बारीक होत गेलेलं, जसंच्या तसं.

भर दुपारी मी सरांचा कागद छापखान्याच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. त्यावर माझा कोरा कागद धरला. ऊन आरपार आलं आणि एकेक अक्षर खालून दिसायला लागलं. मग मागे वळून मुसाभाईंकडे हात पुढे केला.

"कानावरची पेन्सिल द्या जरा."

मुसाभाईंनी कानावरून पेन्सिल काढली, पण लगेच दिली नाही. "तुला पेन्सिल? ती कशाला गो?"

"ट्रेस करायला," मी म्हटलं.