दिवसा झोपणाऱ्यांचा सायलेन्सर

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी दिसायला काही खास नाही. लांबोडका, जाड, शेपटाकडे काळवंडलेला. एका मोटरसायकलच्या उजव्या अंगाला बसवलेला जुना सायलेन्सर आहे मी. गाडी घ्यायला आलेला माणूस टाकी बघतो, दिवा बघतो, सीटवर बसून आरशात स्वतःला बघतो. माझ्याकडे लक्ष जातं ते पोटरीला चटका बसला की, आणि तेव्हाही वाट्याला शिवीच येते. पण आज मी बोलणार आहे. ज्याला लागेल त्याला लागू दे.

माझा जन्म चाकणचा, आणि तोही नाइट शिफ्टचा. पत्रा गोल वळवला, आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडव्या भिंती बसवल्या, टोकं जोडली. ज्या हातांनी मला वेल्डिंग मारलं त्या हातांचा धनी जांभया गिळत होता. पण काय ते कसब! इतकी वर्षं झाली, उन्हातान्हात फिरलो, दगडधोंड्यांवर आपटलो, माझी शिवण कुठं उसवली नाही. माझं काम सांगायला सोपं आहे. इंजिनात स्फोट होतात. तो सगळा भडका आणि धडधडाट माझ्या पोटात येतो, या भिंतीवर आपटतो, त्या नळीतून वळतो, दमतो, आणि बाहेर पडताना नुसता गुरगुरतो.

मी ज्या गाडीला लागलो ती लांबच्या प्रवासाची गाडी. ती घेतली शेखरने. शेखर परभणीकडचा, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला, कित्येक वर्षं कायम नाइटला. पोटाला चिमटा काढून त्याने ही गाडी घेतली आणि तिच्यावरून देश बघितला. हम्पी बघितलं, कच्छ बघितलं, कोकणातला एक घाट राहू दिला नाही. कधी कोणाशी शर्यत लावली नाही. दिवसभर चालवून उतरला तरी त्याचे कान वाजत नसत. उतरल्यावर तो टाकीवर थाप मारायचा. मला वाटायचं, त्यातली थोडी माझी आहे.

शेखर आणि त्याची बायको अपेक्षा तळवड्यात छबूबाईंच्या खोल्यांत राहतात. छबूबाई गावच्या. त्यांच्या शेताच्या जागी कंपन्यांची शेडं उभी राहिली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्यांची रांग बांधली. भाडेकरू सगळे शिफ्टवाले. आणि त्या रांगेत एक नियम आहे, जो कुठं लिहिलेला नाही. नाइट करून आलेला माणूस आपले सेफ्टी बूट उंबऱ्याबाहेर ठेवतो, तोंड रस्त्याकडे करून. बूट बाहेर, म्हणजे माणूस झोपलाय. मग त्या दारासमोर बादली आपटायची नाही. कुकर मागच्या बाजूला लावायचा. भाजीवाली त्या गल्लीत शिरली की आरोळी बंद करते आणि हाताने खुणा करून मेथी विकते. मोटरसायकली फाटकापर्यंत ढकलत न्यायच्या आणि बाहेर चालू करायच्या.

फक्त शेखरला माफी होती. छबूबाई म्हणायच्या, "ह्याची गाडी म्हंजी मांजर हाय. हितंच चालू कर, जा." मित्रांनो, ते माझं प्रमाणपत्र होतं.

शेखरच्या शेजारच्या खोलीत ज्योतीराम. तो कंपनीची बस चालवतो. दिवेलागणीला फाटकासमोरून वायरिंगच्या कारखान्यातल्या बायकांना घेऊन जायचं आणि रात्र संपवून सकाळी त्यांना परत आणायचं. अपेक्षाही त्याच बसने जाते, आणि दिवसा छबूबाईंच्या मागच्या खोलीत झोपते, तिथं गल्लीचा आवाज पोचत नाही. त्याच्या अंथरुणाच्या भिंतीला लागूनच आमची गाडी उभी असते. त्याला ही खोली मिळवून दिली शेखरनेच, आणि बसच्या मालकाकडे, दौलतरावांकडे, त्याच्यासाठी शब्द टाकला तोही शेखरनेच. ज्योतीराम ते विसरणारा माणूस नाही.

मग शेखरला जनरल शिफ्ट मिळाली. मिळायलाच हवी होती, त्याने त्यासाठी रक्त आटवलं होतं. तो आता चारचौघांसारखा रात्री झोपू लागला. आणि माणसाची जात बघा! रात्री झोपायला मिळालं की वर्षाच्या आत त्याला वाटायला लागतं की सगळं जग रात्रीच झोपतं.

त्यात त्याला फिरणाऱ्यांचा गट मिळाला. निरंजन त्यांचा म्होरक्या. मनाने वाईट नाही, रस्त्यात कोणाचं टायर बसलं तर भर उन्हात तासभर थांबणारा. पण तोंड आवरायचं नाही.

"भावा, गाडी एवढी मोठी आणि आवाज शिलाई मशीनचा? मागं बसून ब्लाउज शिवतं का कोणी?"

सगळे हसायचे. शेखरही हसायचा, पण घरी येऊन माझ्याकडे बघायचा. ती नजर मला कळत होती. आता गट कन्याकुमारीला निघणार होता आणि शेखरच्या मनाने घेतलं की नवा सायलेन्सर बसवायचा. गाडी हलकी होईल, फोटोत छान दिसेल, घाटात मागून गाडी येतेय ते पुढच्याला कळेल. ही असली कारणं. खरं कारण शिलाई मशीन!

चिंचवडच्या एका दुकानदाराने त्याला सांगितलं, "आधी लावून बघ. नाही आवडला तर आणून दे."

त्याने मला काढलं आणि नव्याला लावलं. खोटं कशाला बोलू, तो देखणा होता. आखूड, निळसर झाक असलेला, हातात घेतला तर फुलासारखा. माझ्यात लोखंड किती जास्त आहे ते तेव्हा मला कळलं. मला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. छबूबाईंचं फाटक वाऱ्याने आपटायचं, त्यांनी मला उचललं आणि फाटकाला टेकण लावलं. म्हणजे बघा, गाडीवरून उतरलो तरी काम तेच राहिलं, आवाज होऊ न देण्याचं.

शेखरने प्रवासाच्या आधीपासूनच रजा टाकली होती. तयारी चालू झाली. ऐन सकाळच्या उन्हात, ज्योतीरामचे बूट उंबऱ्यावर असताना, त्याने गाडी चालू केली. काय सांगू तुम्हाला! खिडकीची काच थरथरली. पत्र्यावरचं कबुतर उडालं. शेखर कान देऊन ऐकत होता आणि अॅक्सिलरेटर पिळत होता.

छबूबाई नळावरून ओरडल्या, "आरं ए, बूट दिसंना व्हय तुला?"

"मावशी, दिवसाढवळ्या कोण झोपतं? अकरा वाजलेत."

"तुजी रातबी अकरालाच व्हायची की रं लेका!"

"जरा ट्युनिंग बघतोय. झालंच."

झालं कुठलं! त्या दिवशी झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा ज्योतीराम डोळे चोळत दारात आला. मला वाटलं, आता बोलेल.

"शेखरभाऊ, लांब निघालाव का?"

"कन्याकुमारी!"

"भारी. जपून जावा." एवढं बोलून तो आत गेला आणि दार लावलं. ज्याने आपल्याला छप्पर दिलं त्याला काय बोलायचं, हा विचार त्याच्या पाठीवर मला स्पष्ट दिसला.

रात्री दहानंतर शांतता पाळा, असे बोर्ड शहरभर आहेत. चांगली गोष्ट आहे. पण जी माणसं रात्रभर उभी राहून तुमच्या गाड्या, तुमचे फ्रिज, तुमच्या फोनच्या वायरी बनवतात, त्यांनी झोपायचं कधी? त्यांच्या झोपेसाठी लावलेला एक बोर्ड दाखवा मला. नाही सापडणार. त्यांच्याकडे फक्त उंबऱ्यावरचे बूट आहेत.

शेवटी प्रवासाच्या आदल्या दिवशीची दिवेलागण आली. फाटकासमोर बस उभी. बायका चढून बसलेल्या. ज्योतीराम ड्रायव्हरच्या दारापाशी उभा होता, पण चढत नव्हता. दौलतराव शेजारी स्कूटरवर.

"चल की रे, चावी काय शोभेला दिलीय?"

ज्योतीरामने चावी त्यांच्यापुढे धरली. "झोप झाली न्हाई बघा माझी. मी न्हाई नेणार."

"काय? थट्टा करतोस का?"

"डोळे मिटायलेत मालक. एवढ्या बायका मागं बसल्यात. एकला असतो तर नेली असती."

"मग दिवसभर काय पत्ते कुटत होतास? का झोपला नाहीस?"

ज्योतीरामने चावी त्यांच्या हातात ठेवली. मित्रांनो, एक नाव घेतलं असतं की तो सुटला असता. त्याने घेतलं नाही. मी आयुष्यात भल्याभल्यांना घाट चढताना पाहिलं आहे, पण इतकं जड ओझं घेऊन इतका सरळ उभा राहिलेला माणूस पाहिला नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," दौलतराव म्हणाले आणि दुसऱ्या ड्रायव्हरला फोन लावला. मग बसच्या खिडकीकडे बघून ओरडले, "उशीर होणार, याच्यामुळं!"

आतून एका बाईने उत्तर दिलं, "होऊ दे की. उशिरा जाऊ, पण हातापायानं धड जाऊ."

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून तो धडधडाट आला. शेखर निरंजनकडून परतत होता. अपेक्षा बसमधून उतरली, तरातरा चालत गाडीपुढे जाऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"बंद करा ती."

त्याने बंद केली. एकदम अशी शांतता पडली की बसमधली बांगडी वाजली तरी ऐकू आली.

"ज्योतीरामभाऊंना कामावरून काढलं. झोप झाली नाही म्हणून त्यांनी बस नेली नाही. का झाली नाही, ते विचारतायत आणि हे सांगत नाहीत." तिने बसकडे बोट दाखवलं. "मी त्याच बसमध्ये बसते. तुम्हाला माहीत आहे ना?"

शेखरने हेल्मेट काढलं. त्याने उंबऱ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे ज्योतीरामचं अंथरूण होतं. सगळी बस खिडक्यांतून त्याच्याकडे बघत होती. तिथून आत निघून जाणं फार सोपं होतं.

"दौलतराव, मी झोपू दिलं नाही त्यांना," तो म्हणाला. "माझ्या गाडीनं. रोज, त्यांच्या भिंतीशी."

"मग त्यांनी तुला सांगायचं!"

"सांगायला कशाला हवं? बूट होते बाहेर. नाइटला मीपण तसेच ठेवायचो." त्याने ज्योतीरामकडे हात केला. "यांना काढून दुसरा ठेवाल. तो झोप नसताना गप चावी लावेल. कोणता बरा, सांगा. माझी बायको याच बसमध्ये बसते."

दौलतरावांनी मिशी ओढली. "परत असं झालं तर?"

"माझ्यामुळं होणार नाही."

"ठेवतो. पण परत झालं तर दोघांना बघून घेईन." चावी त्यांनी ज्योतीरामच्या हातात परत दिली. "आज झोप. उद्यापासून तूच." आलेल्या ड्रायव्हरने बस नेली.

उजाडल्यावर शेखरने मला फाटकापासून उचललं. खाली गोणपाट अंथरलं, म्हणजे पाना ठेवताना वाजू नये. नवा काढला आणि मला बसवलं. प्रत्येक बोल्ट त्याने हाताने जपून घट्ट केला. आपली गाडी रस्त्यावर ठेवून निरंजन चालत आत आला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"काय राव, परत शिलाई मशीन?"

"हो. लांब जायचंय, आणि परत इथंच यायचंय."

निरंजन काही तरी फटकळ बोलणार होता. पण त्याचं लक्ष ओळीने मांडलेल्या बुटांकडे गेलं, आणि जाताना तो पाय न वाजवता गेला. त्याचंही कौतुक करायला हवं. जाता जाता तो नव्याला दुकानात परत द्यायला बगलेत घेऊन गेला.

शेखर गाडी ढकलायला लागला तेव्हा छबूबाईंनी हात हलवला. "चालू कर की हितंच. मांजर आलं न्हवं माघारी?"

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. टायर बदला, सीट बदला, हवा तो रंग मारा, तुमची हौस आहे. मला काढावंसं वाटलं तर जरूर काढा. पण त्याआधी एकदा भर दुपारी आपल्या गल्लीतून चालत जा आणि उंबरे बघून या. कोणाचे बूट बाहेर आहेत, कोणाची खिडकी पडदा लावून बंद आहे, ते बघा. त्यांची झोप जपा. ती त्यांच्याजवळ आधीच कमी आहे.

आम्ही कन्याकुमारीहून परतलो तेव्हा मी चिखलाने माखलेलो होतो. ऊन चढलं होतं. ज्योतीरामचे बूट उंबऱ्यावर होते. शेखरने गाडी भिंतीशी लावली आणि हळूच विचारलं, "मावशी, मी गेलो त्या दिवशी ज्योतीराम झोपले होते का?"

छबूबाई तांदूळ निवडत होत्या. "दुपारी उठला, अन् मला इचारतो कसा, शेखरभाऊ निघाले का? म्हनलं, कवाच गेला. तर म्हनतो, गेले व्हय? कळलंच न्हाई."

मित्रांनो, कारखान्यातून बाहेर पडल्यापासून माझी एवढी मोठी स्तुती कोणी केली नव्हती.