भिंतीवरून वाळूत

मित्रांनो, काचेच्या अंगाचा आणि पाऱ्याच्या पोटाचा एक जुना तापमापक आहे मी. प्राणिसंग्रहालयातल्या कासवघराच्या भिंतीवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. खोटं कधी बोललो नाही, हा माझा तोरा होता.

कासवघर सांभाळणाऱ्या काकांचे गुडघे दुखायचे. म्हणून त्यांनी मला आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, सावलीतल्या खिळ्याला टांगलं. रोज ते मला पुसायचे, आकडा वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "शहाणा आहेस गड्या!" मी लगेच फुशारून जायचो.

आमच्या कासवांची एक गंमत आहे. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याभोवतीच्या उबेवर ठरतं. वाळू फार तापली की सगळ्या माद्याच. उन्हाळे वर्षागणिक कडक होत गेले. खाली वाळू भाजून निघायची आणि वर मी आरामात अठ्ठावीस दाखवायचो. सलग सहा वर्षं एकही नर जन्मला नाही. उरला होता एकच, म्हातारबुवा. गेल्या वर्षी अंडी घालून झाली आणि आठवड्याभरात बुवा गेले. या अंड्यांतही नर नसता, तर आमच्या कासवांचा वंश तिथेच संपला असता. वंश धोक्यात आहे हे मला कळत होतं, पण माझा आकडा तर बरोबर होता!

त्याच सुमारास नव्या डॉक्टरताई आल्या. त्यांनी वही चाळली.

"माझी एक नोंद चुकलेली नाही, ताई," काका म्हणाले.

"काका, तुमची कासवं भिंतीवर अंडी घालतात का हो?"

ताईंनी मला काढून अंड्यांशेजारी वाळूत खोचलं. पारा सरसर चढून तेहेतिसावर थांबला. काकांनी वही मिटली. "सहा वर्षं मी भिंतीचा ताप मोजत बसलो!" माझा तोराही तिथेच उतरला.

त्याच दुपारी वर सावलीचं कापड ताणलं, कडेने पाणी शिंपडलं. मग दोन महिने काका दिवसातून चारदा कण्हत वाकायचे आणि मला बघायचे. अकरा पिल्लं बाहेर आली. ती जरा मोठी होईपर्यंत थांबावं लागलं. आज सकाळी ताईंनी एकेक तपासलं.

"काका, पाच नर!"

काकांनी डोळे पुसले, मग त्याच फडक्याने मला पुसलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. ज्याची काळजी घ्यायची, त्याच्या शेजारी जाऊन बसा. गुडघे दुखले तरी चालतील. काकांचे अजून दुखतात, पण त्यांनी भिंतीवरचा तो खिळा उपटून टाकला आहे.