नूरमहंमदच्या हॉटेलातला पडदा

“नवी सून घरात आली आन् पोरगं हरलं. पायगुण म्हंत्यात त्यो ह्योच, नूरभाऊ.”

वलवणच्या रखमाजीनं बशीतला चहा फुरकता फुरकता हे म्हटलं. सुनेच्या कानावर ते पडावं अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती, म्हणून तर तो आवाज खाली घेऊन बोलला. पण रखमाजीचा खालचा आवाज म्हणजे दुसऱ्या कुणाची हाक. आणि सून काही लांब नव्हती. ती माझ्याच मागे, चुलीपुढे बसून कपबशा विसळत होती. दोघांच्या मध्ये फक्त मी होतो.

मी पडदा बोलतोय. लोणावळ्याच्या स्टेशनाजवळ नूरमहंमदचं चहा-गुडदाणीचं हॉटेल होतं, आणि हॉटेलाच्या मागे त्याचं घर. मधल्या दारात मी. माणसांना वाटतं, पडदा टाकला की पलीकडचं सगळं बंद झालं. अहो, मी कापड आहे, भिंत नव्हे!

माझा जन्म मुंबईच्या एका गिरणीत झाला, गादीपाट म्हणून. अंगावर निळे-पांढरे पट्टे. माझे भाऊबंद गाद्यांना गेले आणि कुणाच्या ना कुणाच्या पाठीखाली त्यांनी जन्म काढला. मी ताग्याचं शेवटचं टोक. वडगावच्या बाजारात नूरमहंमदच्या घरवालीनं, कमरजहाँनं, मला ओढून बघितलं, उजेडात धरलं, “ह्याच्यातनं दिसत तर न्हाई ना?” असं विचारलं आणि घरी आणलं. वरच्या काठाला पितळी कड्या शिवल्या, तारेत ओवलं. आडवं पडायला जन्मलेलं कापड, उभंच राहिलं.

माझ्यातून दिसत नव्हतं हे खरं. दिसायला लागलं ते रखमाजीच्या कृपेनं. त्याला हातवारे करत बोलायची सवय. एकदा तावात येऊन त्यानं हात मागे फेकला आणि बिडी मला टेकली. करंगळी जाईल एवढं भोक पडलं. ‘रफू करायला पाहिजे’ असं कमरजहाँ म्हणत राहिली, आणि लग्न होऊन सून आली तेव्हा ते काम सुनेवर आलं. भोक बरोबर सुनेच्या डोळ्याच्या उंचीला. तिला काही केल्या सुई-दोरा सापडेना.

सुनेचं नाव हुस्नबानो. माहेर तळेगाव. बोलायची इतकी कमी की शेजारणींना वाटे, मुकी तर नाही? मुकी कसली! जे बोलायचं ते मनात दोनदा घोळवून, त्यातलं निम्मं गिळून, उरलेलं कधीतरी बोलणारी. ओठांचा एक कोपरा मात्र तिच्या ताब्यात नव्हता. बाहेर कुणी मोठ्या माणसानं मोठी चूक केली की तो कोपरा हलायचा. हे फक्त मला दिसे.

घराची रीत अशी, की बाईमाणसानं हॉटेलात यायचं नाही आणि हॉटेलाशी बोलायचं नाही. चहा झाला की आतून बांगड्या वाजवायच्या. मग गल्ल्यावरचा नूरमहंमद न बघता हात मागे करणार आणि माझ्या खालून ट्रे सरकणार. गिऱ्हाइकांनी हुस्नबानोचं बोटसुद्धा पाहिलं नव्हतं. तिच्या चहावर मत मात्र प्रत्येकाचं होतं.

मत असणं हाच तिथला मुख्य धंदा. चहा आणि गुडदाणी नुसतं निमित्त.

आणि त्या साली मतं उतू चालली होती, कारण ताजुद्दीन हरला होता. ताजुद्दीन म्हणजे नूरमहंमदचा मुलगा, हुस्नबानोचा नवरा. दिवसभर कढईत गुडदाणीच्या चिक्कीसाठी गुळाचा पाक घोटायचा आणि पहाटे घाटाच्या रस्त्यानं धावायचा. दसरा झाला की वडगावच्या कचेरीपासून लोणावळ्याच्या स्टेशनापर्यंत धावण्याची शर्यत असे. मागल्या साली ती ताजुद्दीननं जिंकली, अनवाणी. कामशेतच्या पुढे रस्त्याच्या कडेला एका पिराचा दर्गा आहे. तिथून जाताना त्यानं धावता धावता कपाळाला हात लावून सलाम केला होता. पुण्याच्या एका पेपरानं छापलं, ‘पिराच्या कृपेने मावळचा वारा पहिला.’ शेजारच्या फकरुद्दीन शिंप्यानं ते कात्रण दुकानात मशीनच्या वर डकवलं.

या साली ताजुद्दीन सगळ्यांच्या पुढे होता. पण पिराशी आल्यावर तो दर्ग्याच्या पायरीवर बसला. बूट काढलेले, मान खाली. मागून चौघं-पाचजण पुढे गेले तरी उठला नाही. नेमकी तेवढ्यात पेपरवाल्यांची मोटार तिथून गेली. एकाच मोटारीत दोघे बातमीदार, बसले होते एकमेकांना खेटून. पण पुण्याच्या पेपरात आलं, ‘देवभोळेपणाने बाजी घालवली,’ आणि मुंबईच्या पेपरात आलं, ‘पिरापुढे बक्षीस तुच्छ.’ शर्यत जिंकली होती कामशेतच्या सोपान माळ्यानं. त्याचं नाव दोन्हीकडे अगदी खालच्या ओळीत, पेपराच्या घडीवर.

पेपर मोठ्यानं वाचायचा मान माधवरावांचा. ते मालधक्क्यावरचे कारकून आणि शर्यतीच्या मंडळाचे चिटणीस.

“‘शर्यतीचे मैदान हे प्रार्थनेचे स्थान नव्हे,’” माधवराव वाचत होते. “काय मार्मिक लिहिलंय! धावताना धावावं माणसानं. देवधर्म घरी.”

“माधवराव,” फकरुद्दीन म्हणाला, “मागल्या साली ह्याच पेपरानं पिराची कृपा छापली. तवा पेढे तुमीच वाटलेत.”

“तेव्हा तो थांबला नव्हता. धावता धावता सलाम केला. कृपेला तेवढा वेळ पुरतो.”

“आन् तुमचा नारळ?” रखमाजीनं बिडी काढली. मी अंग चोरलं. “वडगावला शर्यत सुटायच्या आदी नारळ फुटंना. दगड बदलून झालं, मानूस बदलून झाला. पोरं उनात हुबी. त्ये कुटं छापलंय?”

“तो मुहूर्ताचा नारळ. त्याचा धावण्याशी काय संबंध?”

“न्हाई कसा? न्हाई फुटला तर सुटत न्हाई, फुटला तर संबंध न्हाई!”

“तुमी काय बी म्हणा,” फकरुद्दीननं छातीवर हात ठेवला. “पोरानं बक्षिसावर लाथ मारली, पिराची चौखट न्हाई सोडली. ह्याला इमान म्हणत्यात.” स्वतः फकरुद्दीन उरूस सोडला तर त्या चौखटीकडे फिरकत नसे. त्याला दुकान सोडवत नव्हतं.

“चौखट सोडली न्हाई त्येच चुकलं,” रखमाजी म्हणाला. “फुडं कार्ल्याच्या फाट्याला आमची एकवीरा. तिला बी हात जोडायचा हुता. एकाकडं बसायचं आन् दुसरीला नुसतं वलांडून जायचं? रुसती बाईमानूस.”

नूरमहंमद तिघांचंही ऐकून तिघांनाही “बरोबर हाय” म्हणाला. गल्ल्यावर बसणाऱ्याला मत परवडत नाही. आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं, तो कढईपाशी उभा राहून नुसता हसत होता. “ताजू, तूच सांग,” असं कुणी म्हणालं की म्हणायचा, “पाक करपंल माझा.”

बाकड्यावर एवढं गुऱ्हाळ चाललं, पण त्याचे पाय कुणी बघितले नव्हते. पाय मी बघितले होते, कारण ते आतल्या बाजूला होते.

दिवेलागणीला ताजुद्दीन पाटावर बसायचा आणि हुस्नबानो त्याच्या टाचांना हळद-तेल लावायची. दोन्ही टाचा सोललेल्या. लग्नात तिच्या बापानं जावयाला पांढरे कॅनव्हासचे बूट दिले होते, मुद्दाम पुण्याच्या कॅम्पातून आणून. ताजुद्दीनला ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारायच्या होत्या. पण नवी वस्तू ईदेला नाहीतर अशाच मोठ्या दिवशी अंगाला लावायची, ही हुस्नबानोच्या माहेरची शिस्त. “मळतील,” म्हणून तिनंच ते लाल ओढणीत गुंडाळून पेटीत ठेवले, आणि शर्यतीच्या सकाळी काढून दिले. कोरे करकरीत. कामशेतपर्यंत त्यांनी टाचा खाल्ल्या. पुढची पायरी दिसली तिथे तो बसला, बूट काढले, आणि मान खाली घालून फोड बघत राहिला. मग बूट कमरेला बांधून तसाच लोणावळ्यापर्यंत आला. पायरी पिराची निघाली, एवढीच त्यातली भक्ती.

“सांगा की त्यांना,” हुस्नबानो म्हणाली.

“काय सांगू? सासऱ्याचे बूट चावले? तळेगावला कळलं तर अब्बांना काय वाटंल? किती हौशीनं आणलेत.”

“आन् मुंबई?”

ताजुद्दीनचं हसू तिथं थांबलं. माघात मुंबईला मोठी शर्यत होती आणि मंडळ दोघांना पाठवणार होतं. एक सोपान, ते ठरलेलं. दुसरा कोण, हे रविवारी याच बाकड्यांवर ठरायचं होतं. समुद्राच्या काठानं धावायचं, हे ताजुद्दीन लहानपणापासून कढईतल्या पाकात बघत आला होता. आणि माधवराव तर आधीच बोलून बसलेले, “मुंबईत पावलोपावली देवळं नि दर्गे. हा कुठं कुठं बसेल?”

“पीर बघंल,” ताजुद्दीन म्हणाला.

“पिराच्या डोक्यावर आणखी किती कामं टाकायची?”

तो हसला. “खरं सांगू? फकरूचाचा हल्ली मला बघून उठून जागा देतो.”

“मंजी भक्त व्हायला तुमाला जड जाईना.”

एवढं बोलून तिनं तेलाची वाटी उचलली. तिनं गिळलेलं निम्मं मला कळत होतं. नवरा तिच्या बापाची लाज राखत होता, आणि त्यात त्याची मुंबई चालली होती. खरं सांगायचं तर बूट तिच्या माहेरचे आणि पेटीत ठेवले तेही तिनंच. बाकड्यावर पायगुणाची गोष्ट अगोदरच निघाली होती. त्या गोष्टीला पुरावा आपल्याच हातानं कोण देईल?

रविवार आला. मंडळ जमलं. सोपानही आला होता. गडी बाकड्याच्या अगदी टोकाला टोपी हातात घेऊन बसला. त्याच्याशी कुणी बोललं नाही, सगळे त्याच्या डोक्यावरून ताजुद्दीनबद्दल बोलत होते. फकरुद्दीन म्हणाला, इमानदार पोराला पाठवा. रखमाजी म्हणाला, एक साल जाऊ द्या, घरातला पायगुण जरा जुना होऊ द्या. नूरमहंमद म्हणाला, बरोबर हाय. माधवरावांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“मी वैयक्तिक काही म्हणत नाही. मुलगा गुणी आहे. पण पेपरात छापून आलंय, आता मंडळाला त्याच्या विरुद्ध जाता येत नाही. तेव्हा दुसरं नाव...”

आतून बांगड्या वाजल्या.

चहा सांगितलेला नव्हता. तरी सवयीनं नूरमहंमदचा हात मागे गेला, माझ्या खालून ट्रे सरकला आणि त्यानं तो न बघता माधवरावांपुढे ठेवला. माधवरावांनी कप उचलायला हात घातला, आणि तो तसाच राहिला.

ट्रेमध्ये बूट होते. पांढरे, कॅनव्हासचे, दोन्ही टाचांना आतून वाळलेलं तपकिरी रक्त.

कढईतला झारा थांबला. ताजुद्दीन “अगं” म्हणत माझ्याकडे वळला. मागे कमरजहाँनं कपाळाला हात लावला. आणि हुस्नबानोनं माझा काठ धरला. बाजूला केला नाही, नुसता मुठीत धरला. तिनं मूठ आवळली, तसा मी हललो. बाहेरच्यांना वाटलं, वारा आहे.

मग ती बोलली. तिचे शब्द मी शेवटाला राखून ठेवलेत. आधी माझं सांगतो.

मी आता पडदा नाही. धुरानं आणि फोडणीच्या वाफेनं माझे पट्टे गेले, कड्या तुटल्या, दारात नवं छापील कापड आलं. काही दिवस मी कढई उतरवायचं फडकं होतो. त्या दिवसांबद्दल बोलायला नको. मग हुस्नबानोनं मला धुतलं आणि गोधडीत मधोमध शिवलं. बिडीचं भोक तेवढं तिनं झाकलं नाही. आता तिची लेकरं त्यात बोट घालून झोपतात, आणि मला गाद्यांना गेलेल्या भावांची आठवण येते. शेवटी मीही आडवाच झालो की!

ताजुद्दीन मुंबईला गेला, अनवाणी. कितवा आला ते विचारू नका. तो परत यायच्या आत बाकड्यावर त्याची कारणं तयार होती. पेपरात बुटांबद्दल कधीच काही आलं नाही. तळेगावच्या सासऱ्यांना मात्र सगळं कळलं, आणि पुढच्या ईदेला त्यांनी जावयाला छत्री दिली.

मागणं माझं एकच. कुणी धावो, पडो, जिंको, त्याच्या देवाचं आणि बायकोचं काय ते ठरवायच्या आधी जवळपास कुठे पडदा आहे का बघा. असला तर जरा हळू बोला. नाहीतर पलीकडून ट्रे येईल.

आता तिचे शब्द. त्या हॉटेलात पहिल्यांदा उमटलेला तिचा आवाज मोठा नव्हता, पण रखमाजीची बिडी विझली.

“हे बूट माझ्या अब्बांनी दिलेत, आन् शर्यतीपर्यंत पेटीत मीच ठेवलेत. पिराच्या पायरीवर घरधनी फोड बघत बसले, दुवा मागत न्हाई. दोष द्यायचाच तर बुटांना द्या, मला बी द्या, पण पिराला सोडा. अनवाणी पाठवा, कुटंच बसायचे न्हाईत. आन् चहा टाकलाय मी. पहिला कप सोपानभाऊंना द्या. जिंकलेत ते.”